नामसाधर्म्यामुळे विमानतळावर वारंवार अडवले जात असल्यास: अमेरिकेच्या ‘ट्रिप’ अर्जाचे मार्गदर्शन

मुंबईहून अमेरिकेला निघालेला एखादा प्रवासी आदल्या दिवशी घरी बसून ऑनलाइन चेक-इन करू पाहतो, तेव्हा बोर्डिंग पास न येता ‘विमानतळावरील काउंटरवर यावे’ एवढाच संदेश येतो. काउंटरवरचा कर्मचारी पासपोर्ट घेऊन बाजूला जातो, कुणाला तरी फोन लावतो, बराच वेळ थांबवून ठेवतो आणि अखेर जो बोर्डिंग पास हाती देतो त्यावर ‘एसएसएसएस’ ही चार अक्षरे छापलेली असतात. गेटपाशी इतर मंडळी विमानात शिरत असताना या प्रवाशाची बॅग रिकामी केली जाते, हातांवरून आणि लॅपटॉपवरून कापडी पट्टी फिरवून स्फोटकांचा अंश तपासला जातो, आणि तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट स्कॅन करून त्याला पुन्हा ‘सेकंडरी’च्या, म्हणजे जादा चौकशीच्या, खोलीत पाठवतो. असे एकदा घडले तर त्याचा फार विचार करू नये, कारण काही प्रवाशांची निवड संगणक सोडत काढावी तशी करतो. मात्र प्रत्येक प्रवासात हेच घडू लागले, तर आपल्या नावाची कुणा दुसऱ्याच्या नावाशी गल्लत होत आहे असे मानण्यास जागा असते, आणि अशा गल्लतीच्या निवारणासाठी अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी विभागाने फेब्रुवारी २००७ पासून एक अर्जाची सोय ठेवलेली आहे. ‘ट्रॅव्हलर रिड्रेस इन्क्वायरी प्रोग्राम’ असे तिचे लांबलचक नाव असून तिला सर्वत्र ‘ट्रिप’ असेच म्हणतात.

हा अर्ज अमेरिकन नागरिकाला करता येतो, तसाच भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यालाही करता येतो, आणि त्याला कोणतेही शुल्क नाही. अनेक जण तो भरताना पहिल्याच पानावर चुकतात, कारण आपण किती सभ्य, शिकलेले आणि करदाते आहोत हे ते सांगत बसतात. येथे चारित्र्याचा दाखला कुणी मागत नाही. ज्या इसमाची नोंद संशयितांच्या यादीत आहे त्याच्यापासून आपल्याला वेगळे ओळखता येईल असा तपशील पुरवणे, एवढेच अर्जदाराचे काम आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका कामासाठी आहे.

यादी कुणाची, आणि अडवतो कोण

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००३ मध्ये, एफबीआयच्या देखरेखीखाली टेररिस्ट स्क्रीनिंग सेंटर स्थापन झाले आणि निरनिराळ्या खात्यांकडे विखुरलेल्या संशयितांच्या नोंदी तेथे एकत्र आल्या. या मोठ्या नोंदवहीतून विमानप्रवासासाठी लहान याद्या काढल्या जातात. ‘नो फ्लाय’ यादीतील व्यक्तीला विमानात चढूच दिले जात नाही, तर ‘सिलेक्टी’ यादीतील व्यक्तीला कसून तपासणी केल्यानंतर चढू दिले जाते. आरंभीच्या काळात विमान कंपन्याच प्रवाशांची नावे या याद्यांशी ताडून पाहत असत, आणि त्यांच्या हाती तिकिटावरच्या नावापलीकडे फारसे काही नसे. त्याचा परिणाम किती हास्यास्पद होऊ शकतो हे २००४ मध्ये सिनेटर एडवर्ड ऊर्फ टेड केनेडी यांच्यामुळे साऱ्या जगाने पाहिले. ‘टी. केनेडी’ या नावाशी मिळत्याजुळत्या एका टोपणनावामुळे त्यांना वारंवार काउंटरवर थांबवले जात होते, आणि थेट गृहसुरक्षा मंत्र्यांशी बोलणे झाल्यावरही हा घोळ निस्तरायला काही आठवडे लागले, असे त्यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितले. जेथे केनेडींची ही गत, तेथे कुलकर्णी किंवा शेख यांनी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालून काय साधणार, हे उघड आहे.

२००९ पासून ‘सिक्युअर फ्लाइट’ ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि नावे ताडण्याचे काम विमान कंपन्यांकडून टीएसए या सरकारी यंत्रणेकडे गेले. प्रवाशाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग ही माहिती कंपनी उड्डाणाच्या साधारण ७२ तास आधी पाठवते आणि टीएसएकडून त्या प्रवाशाला बोर्डिंग पास द्यावा की थांबवून ओळख पटवावी याचा निरोप येतो. ही पडताळणी अमेरिकेत उतरणाऱ्या, तेथून सुटणाऱ्या आणि देशांतर्गत उड्डाणांना लागू आहेच. शिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून नुसत्या पार होणाऱ्या कित्येक उड्डाणांनाही ती लागू आहे, त्यामुळे टोरांटोहून मेक्सिकोला सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबालाही तिचा अनुभव येऊ शकतो.

यावरून पहिली पायरी ठरते, ती म्हणजे आपण कोणत्या दारात अडतो हे ओळखणे. बोर्डिंग पास घरून न निघणे, काउंटरवर पासपोर्ट घेऊन फोन केला जाणे आणि गेटवर वेगळी तपासणी होणे ही टीएसएच्या पडताळणीची चिन्हे आहेत. याउलट विमानप्रवास बिनबोभाट होऊन अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर अडवणूक होत असेल, तर प्रश्न सीबीपीचा, म्हणजे सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याच्या नोंदींचा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अभिनेते शाहरुख खान यांना न्यूअर्क विमानतळावर थांबवले गेले तेव्हा आपल्याकडे ‘सिक्युरिटी चेक’ हा शब्द सरसकट वापरला गेला. प्रत्यक्षात ते उतरल्यानंतरच्या इमिग्रेशनच्या टप्प्यावर अडले होते. अर्ज दोन्हींसाठी एकच आहे, परंतु त्यात आपला अनुभव नेमक्या खुणा करून सांगायचा असतो आणि कोणत्या खात्याने उत्तर शोधायचे हे त्या खुणांवरून ठरते, म्हणून हा फरक माहीत असलेला बरा.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे जानेवारी २०१४ पासून, आणि डब्लिनला त्याच्याही आधीपासून, अमेरिकेचे इमिग्रेशन विमानात चढण्यापूर्वीच होते, त्यामुळे सेकंडरीत तास-दीड तास गेला तर पुढचे विमान निघून जाते. नाव अडकण्याची सवय असलेल्या प्रवाशाने या मार्गावर दीड-दोन तासांचे जोडउड्डाण घेण्याचा मोह टाळावा.

आधी स्वतःची नावे जुळवा

अर्जाकडे वळण्यापूर्वी घरातील सगळी कागदपत्रे टेबलावर मांडावीत: चालू पासपोर्ट, जुने पासपोर्ट, व्हिसा, असल्यास ग्रीन कार्ड, अमेरिकेतील वाहनपरवाना आणि गेल्या दोन-तीन प्रवासांची तिकिटे. मराठी माणसाच्या बाबतीत या कागदांवर एकच नाव क्वचितच सापडते, आणि यात त्याचा दोष नाही. आपल्या चालीप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन तुकडे असतात. भारतीय पासपोर्टावर मात्र आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असल्याने पहिले दोन तुकडे एका रकान्यात एकत्र बसतात. अमेरिकेत गेल्यावर त्यांपैकी दुसरा तुकडा कधी ‘मिडल नेम’ होतो, कधी एकाच अक्षरापुरता उरतो, तर कधी अजिबात गळून जातो. तिकीट काढणारी संगणकप्रणाली तर दोन्ही नावे जोडून एक लांब शब्द तयार करते, आणि तो पाहून प्रवाशालाही क्षणभर ते आपलेच नाव आहे का असा प्रश्न पडतो.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची स्थिती याहून अवघड असते. पासपोर्टावर माहेरचे नाव, ग्रीन कार्डावर सासरचे, आणि विमान कंपनीच्या खात्यात दोन्हींची सरमिसळ, असे चित्र वारंवार दिसते. स्पेलिंगचा प्रश्न वेगळाच. ‘शेख’ हे आडनाव कोकणातल्या एकाच गावात चार-पाच तऱ्हांनी लिहिलेले आढळते. गोव्यात ‘देसाई’ कुणी एका ‘एस’ने लिहितो तर कुणी पोर्तुगीज अमदानीतील कागदांप्रमाणे दोन ‘एस’नी, आणि ‘नाईक’मध्ये ‘के’ऐवजी ‘क्यू’ आलेला दिसतो. ज्यांच्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांच्या अमेरिकन व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे येतात, ज्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’ एवढाच आहे. अशी प्रत्येक तफावत म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एक नवा माणूस असतो, आणि या नव्या माणसांपैकी एखादा यादीतल्या नोंदीच्या जवळ जाऊन पोहोचण्याची शक्यता तेवढीच वाढते.

म्हणून दुसरी पायरी अशी की, यापुढचे प्रत्येक तिकीट प्रवास ज्या पासपोर्टावर होणार त्यावरील नावाप्रमाणेच काढावे, अगदी वडिलांच्या नावासह, आणि विमान कंपन्यांच्या खात्यांत साठवलेली जुनी नावे दुरुस्त करून घ्यावीत. आजवर वापरलेल्या सर्व नावांची आणि स्पेलिंगची एक यादी कागदावर लिहून काढावी, कारण अर्जात ‘इतर नावे’ असा जो भाग आहे तेथे ती लागणार आहे. टोपणनाव लिहिले तर आपल्यावर संशय येईल या भीतीने हा रकाना कोरा सोडणारे लोक पुष्कळ असतात. खरे तर तो रकाना आपल्याच सोयीचा आहे, कारण ही सगळी रूपे एकाच माणसाची आहेत हे सरकारदरबारी नोंदवण्याची संधी दुसरीकडे कोठे मिळत नाही.

अर्ज भरताना

अर्ज होमलँड सिक्युरिटी विभागाच्या ‘ट्रिप डॉट डीएचएस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर भरता येतो. पैसे घेऊन ‘यादीतून नाव काढून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये, कारण अर्ज मोफत आहे आणि कुणाही मध्यस्थाला त्या यादीत डोकावण्याची सोय नाही. वकील किंवा नातेवाईक आपल्या वतीने पत्रव्यवहार करणार असेल तर तशी लेखी अनुमती जोडावी लागते, आणि लहान मुलाच्या अर्जावर आई किंवा वडील सही करतात.

सुरुवातीला अनुभवाविषयी काही विधाने दिलेली असतात आणि जी लागू पडतात त्यांपुढे खूण करायची असते. चेक-इन यंत्रावर किंवा घरी बोर्डिंग पास निघत नाही, कर्मचाऱ्याने ओळखपत्र घेऊन फोन केल्याशिवाय बोर्डिंग पास दिला नाही, विमानात चढू दिले नाही, या गडबडीत विमान चुकले, अमेरिकेत येताना दर वेळी सेकंडरीला पाठवले जाते, सीमा अधिकाऱ्याने बोटांचे ठसे किंवा नोंद दुरुस्त करून घेण्यास सांगितले, अशी ती विधाने आहेत. जे घडले तेवढ्याच्याच पुढे खूण करावी. रागाच्या भरात सर्व खुणा करणाऱ्याचा अर्ज अनेक टेबलांवर फिरत राहतो, आणि शिवाय अर्जातील मजकूर खरा असल्याची सही आपण केलेली असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.

त्यानंतर व्यक्तिगत तपशील येतो. जन्मतारीख, जन्मस्थान, उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, पत्ता, पासपोर्टचा क्रमांक असे रकाने वाचताना कंटाळा येतो, परंतु आपल्याला त्या दुसऱ्या व्यक्तीपासून वेगळे काढणारा मजकूर हाच आहे. नाव एक असलेले हजारो लोक असतील. नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि पासपोर्ट क्रमांक हे चारही एक असलेला दुसरा माणूस सापडत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख निराळी आणि पासपोर्टावर निराळी, हा प्रकार आपल्याकडे जुन्या पिढीत सर्रास आहे. तेथे पासपोर्टावरची तारीख लिहावी आणि दुसरी तारीख एखाद्या अमेरिकन कागदावर चुकून गेली असल्यास ते निवेदनात एका वाक्यात स्पष्ट करावे.

निवेदन इंग्रजीत लिहावे, थोडक्यात लिहावे आणि तारीखवार लिहावे. प्रवासाची तारीख, विमान कंपनी आणि उड्डाण क्रमांक, विमानतळ, काय घडले, अधिकारी किंवा कर्मचारी नेमके काय म्हणाला आणि किती वेळ गेला, एवढे प्रत्येक प्रसंगाला पुरते. उदाहरणार्थ, ‘अमुक तारखेला मुंबई विमानतळावर अमुक उड्डाणासाठी चेक-इन करताना कर्मचाऱ्याने माझा पासपोर्ट घेऊन ४० मिनिटे दूरध्वनीवर चौकशी केली आणि त्यानंतर चार ‘एस’ छापलेला बोर्डिंग पास दिला. मागील दोन प्रवासांतही असेच घडले’ अशा दोन ओळी पानभर संतापापेक्षा अधिक उपयोगी पडतात. यासाठी जुने बोर्डिंग पास फेकून न देण्याची आणि प्रसंग घडला त्याच रात्री तपशील टिपून ठेवण्याची सवय लावावी. आपला धर्म, वंश किंवा वेश यांमुळे भेदभाव झाला असे वाटत असेल तर त्यासाठी स्वतंत्र विधान अर्जात आहे; तेथे खूण करण्यास संकोच करू नये, परंतु तेव्हाही घडलेली घटना आणि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष हे दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत ठेवावेत.

कागदपत्रांत परदेशी नागरिकाने मुदतीत असलेल्या पासपोर्टच्या छायाचित्र असलेल्या पानाची स्पष्ट प्रत जोडावी. व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा इमिग्रेशन खात्याची इतर कागदपत्रे असल्यास त्यांच्या प्रतीही द्याव्यात. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे आणि जुन्या पासपोर्टचा क्रमांक असतो, म्हणून तेही पान स्कॅन करून जोडावे असे माझे मत आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी बोटाखाली झाकल्या गेल्याने अर्ज अपुरा ठरवला जाणे ही टाळता येण्यासारखी दिरंगाई आहे.

अर्ज दाखल झाल्यावर ‘रिड्रेस कंट्रोल नंबर’ हा सात अंकी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा.

उत्तर येते ते कसे असते

उत्तरासाठी आठवडे नव्हे, काही महिनेही लागू शकतात, तेव्हा पुढच्या महिन्यातले लग्न गाठायचे म्हणून आज अर्ज करणाऱ्याने त्यावर विसंबू नये. दरम्यान खाते आपली माहिती निरनिराळ्या यंत्रणांकडे पाठवते, आणि यादीतील नोंदीशी खरोखर साम्य आढळले तर प्रकरण स्क्रीनिंग सेंटरच्या निवारण कक्षाकडे जाते. केवळ गल्लत असल्याचे ठरले, तर टीएसए ‘या नावाचा हा माणूस तो नव्हे’ अशा व्यक्तींच्या वेगळ्या यादीत आपली नोंद करते, आणि पुढील पडताळणीत ही यादीही पाहिली जाते. सीमेवरच्या प्रणालीत सीबीपी आपल्या नावापुढे चुकीचा इशारा पुन्हा वाजू नये अशी खूण करते.

शेवटी जे पत्र येते ते वाचून पहिल्यांदा अर्ज करणारा हमखास निराश होतो. आपण यादीत होतो किंवा नव्हतो, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नसते, कारण यादीतील समावेश मान्य किंवा अमान्य न करण्याचे सरकारचे धोरण आहे. चौकशी पूर्ण झाली, आवश्यक त्या दुरुस्त्या केल्या असतील, आणि हा आपला रिड्रेस कंट्रोल नंबर, एवढाच त्याचा आशय असतो. पत्र गुळमुळीत असले तरी काम झालेले असू शकते, आणि ते झाले की नाही हे पुढच्या प्रवासातच कळते.

नंबर वापरायचा कसा

हा भाग सर्वांत सोपा असून सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. नंबर मिळाला म्हणजे तो आपोआप तिकिटाला चिकटतो असे नाही; प्रत्येक आरक्षणात तो घालावा लागतो. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशाची माहिती भरताना जन्मतारखेच्या आसपास ‘रिड्रेस नंबर’ असा रकाना असतो, आणि त्याच्या शेजारी ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’ असा दुसरा रकाना असतो. दुसरा रकाना ग्लोबल एन्ट्री किंवा प्रीचेक यांसारख्या, आधी पडताळणी झालेल्या प्रवाशांची तपासणी लवकर उरकणाऱ्या योजनांच्या सदस्यांसाठी आहे. या दोन रकान्यांत अदलाबदल झाली तर दोन्ही क्रमांक वाया जातात. २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही ग्लोबल एन्ट्रीसाठी अर्ज करता येतो, त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही क्रमांक आहेत अशा मराठी प्रवाशांची संख्या वाढत आहे आणि हा गोंधळही वाढत आहे.

दादर किंवा डेक्कनच्या एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांनी त्याला ‘डॉको’ नोंदीत रिड्रेस नंबर टाकण्यास सांगावे. पासपोर्टचा तपशील ‘डॉक्स’ या नोंदीत जातो आणि रिड्रेस नंबर ‘डॉको’मध्ये; सराईत एजंटला हे शब्द पुरतात, आणि जो एजंट हे शब्द ऐकून गोंधळतो त्याने तो नंबर शेरा म्हणून कोठेतरी लिहून ठेवण्याची शक्यता जास्त असते, ज्याचा काहीही उपयोग नाही. वेळापत्रक बदलले, उड्डाण रद्द होऊन दुसऱ्या कंपनीकडे वळवले गेले, किंवा तिकीट पुन्हा काढले गेले, तर ही नोंद गळून पडू शकते, म्हणून निघण्यापूर्वी चार-पाच दिवस कंपनीला फोन करून ती आरक्षणात आहे याची खात्री करावी. आदल्या रात्री दिलेला नंबर कधीकधी फार उशिराचा ठरतो.

नंबर असूनही चार ‘एस’ येऊ शकतात, कारण सोडतीसारखी निवड सर्वांनाच लागू असते. अशा वेळी काउंटरवर नंबर शांतपणे पुन्हा सांगावा. समोरच्या कर्मचाऱ्याला पडद्यावर फक्त ‘थांबवा’ किंवा ‘द्या’ एवढेच दिसते, त्यामागचे कारण दिसत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात किंवा बॉम्बविषयी विनोद करून वातावरण हलके करू पाहण्यात नुकसान आपलेच असते.

जेव्हा प्रश्न नुसत्या नामसाधर्म्याचा नसतो

आतापर्यंत सांगितले ते गल्लतीविषयी. मात्र काही वेळा गल्लत नसते. त्या माणसाचेच नाव यादीत चुकीने गेलेले असते. जानेवारी २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मलेशियन विद्यार्थिनी रहीना इब्राहिम यांना सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर विमानात चढण्यापासून रोखून ताब्यात घेण्यात आले. त्या वेळी त्या व्हीलचेअरवर होत्या. एका एफबीआय अधिकाऱ्याने फॉर्ममधील चौकटीत चुकीची खूण केल्यामुळे हे घडले होते, हे २०१४ मध्ये न्यायमूर्ती विल्यम अलसप यांच्या न्यायालयात सिद्ध झाले. एका खुणेचा माग काढायला नऊ वर्षे लागली, आणि तरीही त्यांना व्हिसा मिळवून देणे न्यायालयाच्या हातात नव्हते. ट्रिपचा अर्ज गल्लतीवर चांगला चालतो. अशा खऱ्याखुऱ्या चुकीच्या नोंदीपुढे त्याचे बळ तोकडे पडते, हे मान्यच केले पाहिजे.

२०१४ च्याच जूनमध्ये ओरेगनच्या संघीय न्यायालयाने ‘नो फ्लाय’ यादीतील व्यक्तींना कारण न सांगता बंदी घालणारी तत्कालीन निवारणपद्धत घटनेशी विसंगत ठरवली. त्यानंतर २०१५ मध्ये ती बदलली, आणि आता विमानात चढू न दिलेला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक ट्रिपमार्फत अर्ज करून आपण त्या यादीत आहोत का हे विचारू शकतो, शक्य तेवढी कारणे मागू शकतो आणि त्यांना लेखी उत्तर देऊ शकतो. अंतिम आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांच्या आत संघीय अपील न्यायालयात जाता येते. या टप्प्यावर वकिलाविना पाऊल टाकू नये. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फिक्रे खटल्यात एकमताने असेही सांगितले की, सरकारने नाव यादीतून काढले एवढ्यावरून दावा निकाली निघत नाही, कारण उद्या तेच नाव पुन्हा घातले जाणार नाही याची खात्री त्यातून मिळत नाही.

एच-वन किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या भारतीयाला कारणे कळण्याची ही सोय नाही. त्याच्यासाठी साधा ट्रिप अर्ज हीच वाट उरते. व्हिसा नाकारला गेला, किंवा वकिलातीत तो ‘दोनशे एकवीस जी’ या, निर्णय राखून ठेवण्याच्या, कलमाखाली महिनोन्‌महिने पडून राहिला, तर तो विषय ट्रिपच्या कक्षेत येत नाही, वकिलातीच्याच कक्षेत राहतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना आपल्या मतदारसंघातील काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्याच्या कार्यालयाची मदत घेता येते. लेखी संमती दिल्यावर ते कार्यालय खात्याकडे विचारणा करते, आणि रखडलेला अर्ज पुढे सरकवण्यास ती बरेचदा पुरेशी ठरते.

कॅनडा आणि भारत

अमेरिकेचा नंबर कॅनडात चालत नाही. कॅनडाची यादी २०१५ च्या सुरक्षित विमानप्रवास कायद्याखाली चालते, आणि नोव्हेंबर २०२० पासून तेथे ‘कॅनेडियन ट्रॅव्हल नंबर’ मिळतो. यादीतील नावाशी साम्य असल्यामुळे लहान मुलांनाही थांबवले जात असल्याची तक्रार तेथील पालकांनी अनेक वर्षे लावून धरली होती. हा नंबर पब्लिक सेफ्टी विभागाकडे मोफत अर्ज करून मिळतो आणि तोही तिकीट काढताना द्यावा लागतो. त्या कायद्याखाली विमानात चढण्यास मनाई झाली असेल तर ६० दिवसांच्या आत मंत्र्यांकडे नाव काढण्याचा अर्ज करावा लागतो, ही मुदत चुकवू नये.

भारतात ‘नो फ्लाय लिस्ट’ हा शब्द ऐकला की घाबरून जाऊ नये, कारण २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या नियामकाने, आणलेली ही यादी विमानात धिंगाणा घालणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे इमिग्रेशनवर नामसाधर्म्याने अडवणूक होते ती बहुधा ‘लुकआउट सर्क्युलर’मुळे, म्हणजे एखाद्या व्यक्तीवर नजर ठेवण्याच्या किंवा तिला थांबवण्याच्या सूचनेमुळे होते. असे सर्क्युलर नुसत्या नावावर काढू नये, नाव आणि पालकांचे नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख यांसारखे किमान तीन ओळखीचे तपशील असावेत असे गृहमंत्रालयाच्या सूचना सांगतात. तेव्हा तेथेही वाद घालण्याऐवजी वडिलांचे नाव आणि जन्मतारीख ताडून पाहण्याची विनंती करावी. सर्क्युलर मागे घेण्याचा अधिकार ज्या यंत्रणेने ते काढले तिच्याकडेच असतो, इमिग्रेशनच्या खिडकीवर नसतो.

पासपोर्टचे नूतनीकरण झाल्यावर किंवा लग्नानंतर नाव बदलल्यावर ट्रिपच्या कार्यालयाला नवे तपशील कळवावेत. पूर्वीचे नाव अर्जातील ‘इतर नावे’ या भागात आहे याचीही खात्री करावी, कारण जुना पासपोर्ट कोपरा कापून परत आलेला असला तरी त्यावरचा व्हिसा चालू असतो, आणि पुढच्या खेपेस काउंटरवर हे दोन्ही पासपोर्ट एकत्रच दाखवावे लागतात.